डिस्क पूल, पॅरिटी आणि मिरर : मराठीत काय म्हणावे?

भंडारा जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयाने दंडार या लोकनाट्याची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या वह्यांची छायाचित्रे जपण्यासाठी चार डिस्कांचा नेटवर्क स्टोरेज सर्व्हर घेतला आहे. तो हाताळणाऱ्यांसाठी मराठी टिपण लिहिताना 'डिस्क पूल'ला 'डिस्क-तलाव', 'पॅरिटी'ला 'समता' आणि 'मिरर'ला 'आरसा' म्हणावे का, असा तेथील कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे.

मालगुजारी तलावांच्या मुलखात 'तलाव' सुचणे स्वाभाविक आहे. पण इंग्रजीत 'पूल' हे दोन निराळे शब्द आहेत. एक पाण्याच्या डोहाचा, आणि दुसरा फ्रेंचमधून आलेला, खेळात सर्वांनी मिळून लावलेल्या पणाचा. त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ कोंबडी असा आहे. अनेकांनी एकत्र केलेली ठेव हा येथील अर्थ या दुसऱ्या शब्दाचा आहे. म्हणून मी 'सामाईक साठा' सुचवतो. सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' वाचणाऱ्याला, कोणत्या डिस्कची जागा कोणती हे न पाहता सर्वांची जागा एकत्र धरून तीतून वाटा द्यायचा असतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही. नुसते 'पूल' लिहिले तर वाचकाला वैनगंगेवरचा पूल आठवेल.

एखादी डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्का एकत्र वापरण्याच्या पद्धतीला 'रेड' (RAID) म्हणतात. हे आद्याक्षरांचे नाव आहे, ते तसेच ठेवावे; त्यापुढचा आकडा पद्धतीचा प्रकार सांगतो. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये मांडलेल्या त्या नावातील पहिल्या, 'रिडंडंट' या शब्दाचा कोशातील 'अनावश्यक' हा अर्थ मात्र येथे घेऊ नये. एखादी डिस्क गेली तरी काम अडू नये म्हणून मुद्दाम बाळगलेले ते 'जादा' असते. 'राखीव' हा शब्द आयत्या वेळी कामी येणाऱ्या सुट्या डिस्कसाठी मोकळा ठेवावा.

खरी अडचण 'पॅरिटी'ची, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती परत काढता यावी म्हणून लिहून ठेवलेल्या जादा हिशेबाची आहे, आणि तिच्यासाठी मराठीत फार चांगला शब्द आहे: ताळा. 7, 4 आणि 9 यांची बेरीज 20 लिहून ठेवली आणि मधला आकडा पुसला गेला, तर 20 मधून 7 व 9 वजा करून 4 परत मिळतो. यंत्र बेरजेऐवजी सम-विषम पाहते: 1, 0, 1 यांच्यापुढे ते 0 लिहिते, म्हणजे एकांची संख्या सम राहते. ताळा चूक दाखवतो, हरवलेले परत देत नाही, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. पण रेडमध्ये कोणती डिस्क गेली हे ठाऊक असते, आणि जागा ठाऊक असली की त्याच ताळ्यातून गेलेला आकडा काढता येतो. 'समता' या शब्दातून यातले काहीच कळत नाही.

4 टेराबाइटच्या चार डिस्कांवर रेड 5 केल्यास ताळ्यासाठी एका डिस्कइतकी जागा जाऊन 12 टेराबाइट उरतात. रेड 6 मध्ये दोन ताळे असल्याने 8 उरतात, पण दोन डिस्का गेल्या तरी माहिती टिकते. टिपणात 'ताळ्याची डिस्क' असे लिहू नये, कारण या दोन्ही प्रकारांत ताळा सर्व डिस्कांवर विखुरलेला असतो. खेड्यात वीज केव्हाही जाते, म्हणून एक वाक्य अवश्य घालावे: माहिती लिहिली गेली आणि ताळा लिहायच्या आत वीज गेली, तर तो ताळा खोटा ठरतो आणि पुढे डिस्क बदलताना चुकीची माहिती तयार होऊ शकते. झेडएफएस (ZFS) या डिस्कांवर फायली मांडणाऱ्या प्रणालीची रचना ही चूक टाळते. तरीही यूपीएस हवाच.

'मिरर'साठी 'आरसा' नको, 'जोडप्रत' घ्यावा. रेड 1 मध्ये दोन्ही डिस्कांवर तेच, त्याच वेळी लिहिले जाते. तहसिलीतून काढलेली 'नक्कल' याहून निराळी असते: ती काढली त्या दिवसाची स्थिती सांगते, आणि मूळ नोंद नंतर बदलली तरी नक्कल बदलत नाही. म्हणून 'बॅकअप'ला मी 'नक्कल' म्हणेन. कोणाच्या हातून एखादी दंडार पुसली गेली, तर जोडप्रतीतूनही ती त्याच क्षणी जाते आणि ताळाही नव्या स्थितीचाच मांडला जातो; ती सापडेल फक्त नकलेत, आणि ती नक्कल सर्व्हरच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या इमारतीत ठेवावी.