चार वर्षांच्या मुलासोबत काय पाहावे, वाचावे, खेळावे

या वयात पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे; परंतु तो तासही तुम्ही शेजारी बसून, मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारत घालवावा. ओटीटीवरची वयाची खूण जरूर पाहावी, तरीही पहिला भाग आधी स्वतः पाहिलेला बरा. बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिक थोड्या मोठ्या मुलांसाठी असले, तरी त्यातल्या छोट्या कविता मोठ्याने वाचून दाखवता येतात, आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. सापशिडीत मात्र मुलाला मुद्दाम जिंकवू नये. फासा कोणाचेच ऐकत नसल्यामुळे हार पचवायला शिकवण्यासाठी हा खेळ, माझ्या मते, मोबाइलवरच्या कोणत्याही खेळापेक्षा सरस आहे.