हिपॅटायटिस बीच्या संशोधनासाठी संमती दिली तर रुग्णाचं नाव डेटाबेसमध्ये जातं का?

तुमचा भाऊ रक्तदान शिबिरात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह निघाला. नाशिकला पुढच्या तपासण्या करताना एक संमतीपत्र समोर आलं, त्यात 'विषाणूचा जनुकीय क्रम सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा केला जाईल' असं वाक्य आहे आणि घरचे धास्तावलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी गंगापूर रोडला एका खासगी लॅबमध्ये पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधायची तपासणी, बघतो, तेवढ्या अधिकारात सांगतो.

नाव जात नाही. भावाचा डीएनएसुद्धा जात नाही, विषाणूचा जातो. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, इवलासा असतो, साधारण ३२०० अक्षरांचा. भारतात बहुतेक ठिकाणी सापडणारा डी जीनोटाइप (विषाणूचा एक उपप्रकार) तर ३१८२ अक्षरांचा. जीनोम गोल असल्यामुळे मोजायला सुरुवात कुठून करायची, तर ईको-आर-वन नावाचं एन्झाइम जिथे कापतं तिथून, असा रिवाज आहे. असे क्रम ज्यात जमा होतात त्या जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमधली एखादी नोंद उघडून बघाच, फुकट दिसते. वर नोंदीचा क्रमांक, लॅबने दिलेला नमुन्याचा कोड, 'सीरम', देश, तारीख. आणि खाली ओळीला साठ अक्षरं, दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी. त्यात तुमचा भाऊ शोधून सापडणार नाही.

याचा उपयोग काय, हे मात्र संमतीपत्रात कोणी धड लिहीत नाही. लॅमिव्ह्युडिन हे हिपॅटायटिस बीवरचं जुनं औषध बरेच दिवस घेतलेल्या रुग्णांत पॉलिमरेजच्या (विषाणूची नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या) २०४ व्या जागी बदल होतो आणि औषध चालेनासं होतं. पृष्ठभागावरच्या प्रथिनात १४५ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आलं, तर लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीला विषाणू नीट ओळखू येत नाही. असे बदल किती पसरलेत हे हजारो क्रम शेजारी मांडल्यावरच कळतं. फ्रान्समध्ये ल्योंला एचबीव्हीडीबी नावाचा हिपॅटायटिस बीचाच डेटाबेस आहे, तिथे जेनबँकमधले क्रम जीनोटाइपनुसार लावून ठेवलेले असतात. साथीतही हेच कामी येतं. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंजमुळे हिपॅटायटिस बीची साथ आली, लोक दगावले. अशा वेळी रुग्णांचे विषाणू जवळपास अक्षर न् अक्षर जुळले, की उगम एकच असल्याचा संशय बळावतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जुन्या कित्येक नोंदींत नुसतं 'भारत' लिहिलेलं असतं. गाव नाही, साल नाही, रुग्णाने कुठलं औषध घेतलं होतं ते नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने असा क्रम म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. इंग्लंडमध्ये हेपसेक नावाचं भांडार उभं केलं ते याचसाठी, क्रमासोबत आजाराची आणि साथीची माहितीही राहावी म्हणून.

तेव्हा सही करायला माझी हरकत नाही, पण ठिकाण किती बारकाईने लिहिणार ते आधी विचारा. 'नाशिक जिल्हा' पुरे. भाऊ शहरात राहत असेल तर वय आणि साल दिल्यानेही काही बिघडत नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या चाळीस उंबऱ्यांच्या पाड्याचं नाव, वय आणि पुरुष असं एकत्र लिहिलं, तर नाव न लिहिताही गाव ओळखेल. शिवाय औषधाला दाद न देणारा बदल सापडला तर डॉक्टरांना कळवणार का, हेही विचारा. 'नाही' म्हटलं तरी उपचार अडत नाहीत, सही ऐच्छिक असते.

आणि जीनोटाइपसाठी वेगळे पैसे लगेच घालू नका. सध्याच्या गोळ्या, टेनोफोविर किंवा एंटेकॅविर, सगळ्याच जीनोटाइपवर चालतात. गोळ्या सुरू करायच्या की नाही, हे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), एएलटी (लिव्हरला इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि लिव्हरची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. त्याआधी वहिनी, मुलं, आई-वडील सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या आणि ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे, त्यात तपासण्या आणि औषधं मोफत असतात. सिव्हिल हॉस्पिटलला चौकशी करा.