हिरव्या तारेचा उजवा पाय

तिबेटी थांगका, म्हणजे कापडावर रंगवलेलं बौद्ध देवतेचं चित्र, समोर ठेवून ध्यान करतात, म्हणजे चित्राकडे टक लावून बसतात का, आणि त्यातल्या चिन्हांचा तिथे उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय.

टक लावणं म्हणजे त्राटक, ते वेगळं. मराठीत विटेवरच्या विठ्ठलाच्या रूपालाही आपण 'ध्यान' म्हणतो आणि डोळे मिटून बसण्यालाही. थांगकात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. रूप बारकाईनं पाहायचं, डोळे मिटायचे आणि तेच मनात कमळासनापासून उभं करायचं.

पुण्यात माझ्या घरी हिरव्या तारेचा, म्हणजे हाकेला धावणाऱ्या बौद्ध देवीचा, थांगका आहे. तिचा डावा पाय आत दुमडलेला, उजवा आसनाखाली उतरून एका छोट्या कमळावर टेकलेला. कितीतरी दिवस मला ती नुसती बसायची ढब वाटायची. पण ती हाकेसरशी उठायच्या तयारीत आहे! उजवा हात गुडघ्यावर, तळवा बाहेर, ही वर देणारी वरदमुद्रा. डाव्या हातात उत्पल, म्हणजे निळं कमळ. हिरवा रंग कृतीचा, कारण ती कृतीचा बुद्ध मानल्या जाणाऱ्या अमोघसिद्धीच्या कुळातली. हे कळल्यापासून मनात पाय उभा राहिला की त्याच्याबरोबर धावून जाण्याची भावनाही जागी होते. चिन्हं त्यासाठीच आहेत, नुसती ओळखण्यासाठी नाहीत. थांगकाच्या पाठीमागेही बघा. कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या नेमकं मागे बहुधा ॐ, आः, हूँ लिहिलेलं असतं: काया, वाचा, चित्त.

यापुढचा भाग बरेच जण गाळतात, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. इतक्या कष्टानं उभं केलेलं रूप शेवटी विरघळवायचं. तारा प्रकाशात, प्रकाश 'ताम्' या तिच्या बीजाक्षरात, म्हणजे तिच्या मंत्राच्या मूळ अक्षरात, मग तेही मावळू द्यायचं आणि उरलेल्या मोकळेपणात बसून राहायचं. शून्यता, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं रूप नसणं, शब्दांत वाचणं आणि लाडकं रूप स्वतः सोडून देणं यात फार अंतर आहे. रूपाशिवायची जागा कशी असते ते बघायला, जमलं तर लोणावळ्याजवळ मळवलीला उतरून भाजे लेणी पाहून या. तिथल्या चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, नुसता स्तूप आहे.

स्वतःलाच तारा कल्पण्याची साधना गुरूंकडून दीक्षा घेऊनच करतात. तुम्ही शाक्यमुनींच्या, म्हणजे गौतम बुद्धांच्या, साध्या चित्रापासून सुरुवात करा. डावा हात मांडीवर, उजव्याची बोटं भूमीला टेकलेली. पहिले काही दिवस तो उजवा हात एवढाच मनात स्थिर राहिला तरी पुष्कळ झालं.