धाकटीला कच्चं लिंबू करू नका

«मावशी, आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठची. दिवाळीला पुण्याच्या मेहुण्यांनी प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांचा खोका दिला. मुलांनी ते रंगवले, मी वहीत नियम लिहिले. भालेवाला ५ गुणांचा, तिरंदाज ८, घोडेस्वार १२. प्रत्येकाने १२० गुणांचं सैन्य घ्यायचं आणि जेवणाच्या टेबलावर लढायचं. मुलगा दरवेळी दहा घोडेस्वार घेतो, मुलगी पंधरा तिरंदाज. दहा डावांत ती नऊ हरली. शेवटी मी तिला दुप्पट तिरंदाज दिले. ती सहज जिंकली आणि तरी रुसली, ‘दादा खेळलाच नाही’ म्हणे. मागच्या रविवारी फासा टेबलाखाली गेला. उचलताना तीन होते, मी सहा सांगितले. मुलाने पाहिलं. ‘पप्पा, तुम्ही चिटिंग केली,’ म्हणाला आणि तेव्हापासून टेबलाकडे फिरकत नाही. बायको म्हणते, खोका माळ्यावर टाका. माझी आई रोज अहिराणीत विचारते, ‘हाऊ काय खेय शे रे भो, पोरं रडतस?’ काय करू?»

भाऊ, आधी मुलाकडे जा. आज संध्याकाळीच. त्याला एकट्याला गाठा आणि म्हणा, तीन पडले होते, मी सहा सांगितले, चुकलो. ‘पण ती लहान आहे ना रे’ हे शेपूट जोडू नका. ते जोडलंत की माफी त्याची राहत नाही, पुन्हा धाकटीचीच होते, आणि त्याचा राग बहुतेक त्यावरच आहे.

गल्लीत क्रिकेट खेळताना शेंबडं पोर मधे आलं की आपण त्याला कच्चं लिंबू करायचो. बॅटिंग द्यायची, पण आउट झालं तरी आउट नाही. चार वर्षांच्या पोराला त्यात मौज वाटते. आठ वर्षांच्या मुलीला आपलं काय केलं आहे ते कळतं. मी नऊ वर्षांची असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोळी गेले होते. ओट्यावर मोठ्यांचे पत्ते रंगलेले, आणि आजोबा मला आणि मामेभावाला घेऊन पाच-तीन-दोन खेळत. दोन दिवस मी जिंकत होते. तिसऱ्या दिवशी मामेभावाने सांगितलं, आजोबा हातातला हुकूम दाबून ठेवतात. मला रडू आलं नाही, पण आधीचे सगळे डाव एकदम खोटे झाले. पुढे कितीतरी वर्षं कुठलाही डाव जिंकला की मी समोरच्याचं तोंड बघायचे. तुमची लेक दुप्पट तिरंदाज घेऊन जिंकूनही रुसली, त्याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

आता खेळाकडे वळू. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच ताटात वाढले गेलेत. सैन्यं असमान आहेत, की खेळणारे? बारा आणि आठ यांत चार वर्षांचं अंतर आहे, ते फाशांनी भरून निघत नाही. तीन डाव ओळीने हरणं काहीच सिद्ध करत नाही, दोघं अगदी तोडीस तोड असले तरी ते आठात एकदा होतं. दहात नऊ मात्र शंभरात एखाद्या वेळीच होईल, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे, ते बघायचा उपाय फुकटचा आहे. सैन्यांची अदलाबदल करा. पाच-सहा डाव धाकटीला घोडे द्या, थोरल्याला तिरंदाज. घोडेच जिंकत राहिले तर दोष तुमच्या वहीतल्या आकड्यांचा. थोरलाच जिंकत राहिला तर आकड्यांना हात लावू नका.

माझा अंदाज विचाराल तर दोष थोडा वहीचाही आहे. पत्राच्या मागे तुम्ही नियम लिहिलेत ते वाचले. सैन्यं चोवीस इंचांवर उभी राहतात, भालेवाला एका खेपेला सहा इंच चालतो, घोडा बारा, बाण अठरा इंच जातो. आधी चाल, मग बाण. आता कागदावर मांडून बघा. भालेवाले येईपर्यंत तिरंदाजांना तीन वेळा बाण सोडायला मिळतात. घोडे येईपर्यंत एकदाच. घोडेस्वार पाडायला सहाच हवा, म्हणजे पंधरा फाशांत सरासरी अडीच स्वार पडणार आणि उरलेले साडेसात तिच्या अंगावर येणार. बिचारी काय करील? तिचा तिरंदाज भालेवाल्यांसमोर ८ गुणांना स्वस्त आहे आणि घोड्यांसमोर महाग. एकच आकडा दोन्हीकडे बरोबर कसा ठरेल?

बुद्धिबळात ही कटकट नाही. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १ अशी किंमत सगळे धरतात, पण दोघांकडे तेच सोळा मोहरे असल्याने ती चुकली तरी कुणावर अन्याय होत नाही. तुमच्या खेळात किंमत हाच सगळा न्याय. वॉरहॅमर ४०,००० हा या जातीचा मोठा खेळ १९८७ पासून चालू आहे, आणि त्याची कंपनी आजही दर काही महिन्यांनी गुण बदलून जाहीर करते. तेव्हा तुमचे आकडे पहिल्या दिवाळीतच जुळले नाहीत, याची लाज वाटून घेऊ नका.

दुप्पट तिरंदाज देऊन काय झालं, तेही सांगते. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९१६ च्या पुस्तकात याचं गणित मांडलं होतं. दोन्ही बाजू एकमेकांवर लांबून नेम धरून मारत असतील, तर दुप्पट माणसांची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. माराही दुप्पट होतो आणि समोरून होणारा मारा दुप्पट माणसांत वाटला जातो. तुमचे घोडेस्वार लांबून मारत नाहीत, त्यामुळे हे गणित तुमच्या टेबलाला जसंच्या तसं लागणार नाही, पण पारडं एकदम का उलटलं ते त्यातून कळतं. वाढवायचेच तर दोन-तीन तिरंदाज वाढवा, पंधरा नव्हे.

त्याहून मजेचा उपाय म्हणजे टेबलच बदला. एखादी निळी ओढणी मधोमध आडवी पसरा आणि तिला पांझरा म्हणा. नदी ओलांडायला घोड्याला एक खेप जास्त लागेल. लगेच तिरंदाजांना एकाऐवजी दोन फैरी मिळाल्या, दहातले पाच स्वार पाण्यातच. मग पेल्यांची झाडं आणि डब्यांची घरं ठेवा, तिरंदाजांना समोरचं दिसेनासं होईल आणि भालेवाल्यांना भाव येईल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल वहीत लिहा. ओढणी, डबे आणि नवे गुण एकाच दिवशी आणलेत तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि किंमती तुम्ही ठरवू नका. पोळी दोघांत वाटताना एकाने तोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची, हे घरोघरी चालतं. तसंच करा. थोरल्याने दोन सैन्यं जुळवायची, धाकटीने त्यातलं हवं ते घ्यायचं. पुढच्या वेळी उलट. मार्केट यार्डातला लिलाव मुलांनी पाहिला असेल तर तोही लावा, उलट्या बोलीचा. दहा घोड्यांविरुद्ध मी १२० गुणांत लढतो, मी ११० मध्ये, मी १००. कमी बोलेल त्याला ती बाजू. थोरला फुशारकीने ८० वर उतरला आणि हरला, तर त्याला ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही. धाकटीला सवलत हवीच असेल तर ती तिने स्वतः मागावी, दादाने मान्य करावी आणि डावाआधी वहीत लिहावी.

वहिनींना सांगा, खोका माळ्यावर टाकायला अजून वेळ आहे. मे महिन्यात धुळ्याच्या दुपारी पोरांना बाहेर तर सोडता येणार नाही, आणि मोबाइलपेक्षा हे भांडण मला बरं वाटतं. पण एक त्यांचं रास्त आहे. जेवणाच्या वेळी टेबल रिकामं हवं. दोनशे रुपयांचा प्लायचा तुकडा आणा, त्यावर लढाई मांडा आणि तशीच उचलून पलंगाखाली सरकवा.

फासे तुमच्या आईंच्या हाती द्या. खेळ त्यांना कळत नाही, कुणाचं काय जातंय हेही नाही, म्हणून त्यांनी टाकलेल्या दानावर दोघंही बोट ठेवणार नाहीत. शिवाय ‘हाऊ काय खेय शे’ हे त्यांना टेबलाशी बसूनच कळेल. आणि खाली पडलेला फासा पुन्हा टाकायचा, उचलून सांगायचा नाही. हा नियम वहीत थोरल्याच्या हाताने लिहून घ्या.