सँडरच्या धुळीबाबत नवख्यांसाठी सल्ला
ऑर्बिटल सँडरसोबत (लाकूड घासून गुळगुळीत करणारे, गोल फिरणाऱ्या पॅडचे यंत्र) मिळणारी कापडी पिशवी जाड भुसा धरते, पण खरा त्रास देणारी बारीक धूळ तिच्या विणीतून पुन्हा खोलीतच येते. म्हणून पिशवी काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप जोडावा, असे मी सुचवेन. दोन्ही तोंडांचे माप बहुधा जुळत नाही. अशा वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवून दोन्हीकडे क्लॅम्प आवळल्यास हवा गळत नाही आणि सांधा लवचिकही राहतो. मात्र त्याआधी पॅड उलटून पाहावे: १२५ मिमीच्या पॅडची ८ भोके पॉलिश पेपरच्या भोकांशी नीट जुळलेली नसतील, तर व्हॅक्यूम कितीही दमदार असला तरी धूळ कागदाखालीच अडकते आणि लाकडावर ओरखडे उमटतात. उलट व्हॅक्यूमची ओढ फारच जास्त असेल तर सँडर लाकडाला चिकटून गोल रेघा पाडतो. तेव्हा ती थोडी कमी करावी. सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये झाकणबंद बादलीवर सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारा शंकू) बसवल्यास बहुतेक भुसा बादलीतच पडतो व फिल्टर लवकर तुंबत नाही. एवढे करूनही एन९५ मास्क लावावाच, विशेषतः एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेली फळी) घासताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.