वाचकांचे प्रश्न : बाळासाठी बेचाळीस किलोमीटर

प्रश्न : जूनमध्ये, ३७ व्या आठवड्यात, आमच्या मुलीचे ठोके पोटातच थांबले. सिझेरियन झालं. येत्या एप्रिलची लंडन मॅरेथॉन ‘सँड्स’ या, बाळ गमावलेल्या आईवडिलांसाठीच्या संस्थेसाठी धावायची आहे. संस्थेकडून जागा मिळाली, २,००० पौंड जमवायचं कबूल केलंय. आजवर ५ किलोमीटरच्या वर धावलेले नाही. आता ऑक्टोबर आहे. जमेल ना? – एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर : जमण्यासारखं आहे. पण बाळ घरी आलं नाही की बाळंतपणही झालं नाही, असं सगळे धरून चालतात, बाळंतीणसुद्धा. शरीर तसं धरत नाही. दूध येतं, टाके ओढतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नऊ महिन्यांच्या भाराने सैल झालेले असतात. बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावू नये, हा नियम तुम्हालाही तितकाच लागू. तो काळ उलटलाय, पण सिझेरियनचा व्रण आतून भरायला सहा-सात महिनेही घेतो.

म्हणून आधी घरच्या घरी तपासा. तीस मिनिटं भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागेवर एक मिनिट धावणं, एकेका पायावर दहा उड्या. यात लघवी गळली, खाली जड वाटलं किंवा टाक्यांपाशी दुखलं तर थांबा आणि जीपीकडून (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून) बाळंतपणानंतरच्या फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घ्या. त्याच भेटीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. रक्त बरंच गेलं असेल तर साठ्यातलं लोह महिनोन्‌महिने कमी राहतं. मग धाप लागते आणि माणूस ‘सराव कमी पडला’ म्हणून आणखी पळतो.

नोव्हेंबरअखेर सलग तीस मिनिटं धावता आलं पाहिजे. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं इथून सुरुवात करा, आठवड्यातून तीनदा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण वीस आठवडे हातात राहतात. रविवारची लांब धाव दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सर्वांत लांब धाव ३० किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. नंतर धावा कमी करत आणा. लांब धाव इतक्या संथ वेगाने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. पहिल्यांदा पळणारे बहुतेक जण इथेच चुकतात आणि फेब्रुवारीत नडगी धरून बसतात.

दीड तासाच्या पुढच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. धावपटूंच्या एका जेलमध्ये (पुडीतला घट्ट, गोड रस) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन, पहिलं अर्ध्या-पाऊण तासाने. खजूरही चालतो, फक्त बिया घरीच काढून न्या. चिक्की नको, शेंगदाण्यातली चरबी पळताना पचत नाही. शर्यतीच्या दिवशी तोंडात टाकायचं ते सगळं सरावात खाऊन झालेलं असावं.

ग्रिनिचकडून निघाल्यावर सुरुवातीचे काही किलोमीटर उताराचे आहेत. तिथे वेग आपोआप वाढतो आणि त्याची वसुली टॉवर ब्रिज ओलांडल्यावर, निम्म्या वाटेनंतर होते.

दुखापत झालीच तर शर्यतीचा नंबर मैत्रिणीला देऊ नका. शर्यतीत काही झालं तर डॉक्टरांपुढे भलत्याच माणसाची माहिती येते. संस्थेला लगेच कळवा, जागा पुढच्या वर्षी मिळेल का ते त्यांच्या नियमांवर आहे. जमलेले पैसे मात्र संस्थेचेच राहतात.

प्रश्न : पैसे गोळा करताना ‘गिफ्ट एड’ची (देणगीवर सरकार घालतं त्या भरीची) खूण कोणी करायची? पुण्याचे काका-आत्याही देणार आहेत. दिवाळीत फराळाचे डबे विकायचाही विचार आहे. – तेच वाचक

उत्तर : जो स्वतःच्या खिशातून देतो आणि ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरतो, त्यानेच. तो ४० पौंड देतो, सरकार त्यावर १० भरतं. ऑफिसातल्या आठ जणांची रोकड गोळा करून तुमच्या कार्डाने भरलीत तर खूण करायची नाही, कारण ते पैसे तुमचे नाहीत. काकांनी तुमच्या खात्यात पाठवलेल्या पैशांचंही तेच. फराळाच्या विक्रीवर तर गिफ्ट एड नाहीच, ती देणगी नव्हे. पण डब्याची किंमत १० पौंड ठेवून वर कुणी स्वखुशीने वेगळी देणगी दिली, तर त्या देणगीवर मिळतं. डब्यावर शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध जे असेल ते लिहा.

पुण्याहून कार्ड चालत नसेल तर बहुधा त्यावर परदेशी व्यवहार बंद असतील, बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. आणि आत्याबाईंना आधीच सांगा की ब्रिटिश संस्थेच्या पावतीवर भारतात ८०जीची (देणगीवरची आयकर) सवलत मिळत नाही. मागाहून कळलं की रुसवा होतो.

२,००० च्या आकड्यात गिफ्ट एड धरतात की नाही, ते फॉर्मवर पाहा. बऱ्याच संस्था धरत नाहीत. निधीचं ऑनलाइन पान उघडल्यावर पहिल्या दोन-तीन देणग्या घरच्या, सढळ हाताच्या असू द्या. वर १० चा आकडा दिसला की पुढचेही १० च देतात. पैशाचं काम जानेवारीपर्यंत उरका, पुढे लांब धावांनी जीव मेटाकुटीला येतो.

प्रश्न : निधीच्या पानावर मराठीत काय लिहू? लिहायला बसले की हात थांबतो. – तेच वाचक

उत्तर : आपल्या भाषेने इथे फार हात आखडता घेतलाय. ‘गर्भपात’ म्हटलं की करवून घेतला की झाला ते कळत नाही. ‘वाया गेलं’, ‘खाली झालं’ हे शब्द तर बायकांनी बायकांना ऐकवलेले. सरळ लिहा : ‘आमची मुलगी ३७ आठवड्यांची होती. तिचे ठोके थांबले.’ नाव ठेवलं असेल तर नाव लिहा. मग पैसे कुठे जाणार ते. सँड्स १९७८ पासून अशा आईवडिलांसाठी काम करते : हेल्पलाइन, आधारगट, बाळाच्या हातापायांचे ठसे घेण्याचं साहित्य असलेली स्मृतिपेटी, सुईणींचं प्रशिक्षण. सहा-सात वाक्यं पुरेत. दवाखान्यातल्या चुकांचा पाढा इथे नको, तक्रारीची वाट वेगळी आहे.

खाली एक ओळ टाका : ‘“दुसरं होईल” असं कृपया लिहू नका.’ तरी एखादा लिहीलच. पानाची देखरेख बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे द्या, म्हणजे ते आधी तिच्या नजरेला पडेल.

आणखी एक, न विचारलेलं. बनियनवर नाव इस्त्रीने चिकटवायचं ते छातीवर, नंबराच्या वर, नाहीतर झाकलं जातं. लंडनची गर्दी जे नाव दिसेल ते ओरडते, अनोळखी माणसं, पाच-सहा तास. पुढे मुलीचं नाव असेल तर लोक तिला हाका मारतील. ते हवं असेल तर पुढे लावा. नको असेल तर पुढे तुमचं, आणि तिचं पाठीवर.