काम बंद आहे, डाळ-तांदूळच परवडतो. दीड वर्षाचं मूल पोटभर जेवूनही वाढत का नाही?

पोट बहुतेक पाण्यानं भरतंय. पैसे आटले की आधी तेल-शेंगदाणे जातात, मग डाळ कमी होते आणि उरलेलं सगळ्यांना पुरावं म्हणून पातळ केलं जातं. मोठी माणसं दोन वाट्या जास्त घेतात. या वयाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. तेवढी पातळ पेज प्यायली की ते तृप्त दिसतं आणि थोड्या वेळात किरकिरायला लागतं.

आधी दंडघेर मोजा. डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. हात सैल सोडलेला हवा, टेप आवळायची नाही. अंगणवाडीत रंगीत टेप असते. १२.५ सेंमीच्या वर असेल तर ठीक, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र. मग दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर घेर कितीही असो, मूल तीव्र गटातच धरायचं. सुजेनं वजन चांगलं दिसतं, तिथे फसगत होते. सूज, ताप, जुलाब किंवा भूकच मेलेली असेल तर घरी चारत बसू नका. सरकारी रुग्णालयात नेऊन पोषण पुनर्वसन केंद्राची चौकशी करा. फार खंगलेल्या मुलाला एकदम भरपूर चारणं जिवावर बेतू शकतं.

बाकी मुलांसाठी खिचडीत तीन भाग तांदळाला एक भाग डाळ, आणि चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट. तेल फोडणीत घातलं की घरभर वाटलं जातं. म्हणून मुलाच्या वाटीत वरून चहाचा एक चमचा घाला, सुमारे ४५ कॅलरी वाढतात. सोबत शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा नको, घशात अडकतो). दिवसातून तीन जेवणं, मध्ये दोनदा काहीतरी, आणि वाटी स्वतंत्र. एका ताटात खाल्लं तर मुलानं किती खाल्लं हे कळतच नाही.

घट्ट गिळत नसेल तर पाणी घालू नका. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात मोड आणा, उन्हात वाळवा, अगदी हलकी भाजून दळा. हे पीठ चमचाभर गरम, घट्ट लापशीत ढवळा आणि एक उकळी आणा. पाणी न घालताच ती सैल होते. जास्त भाजलं तर हा गुण जातो.

पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि चहा हे माझ्या मते सर्वांत महाग जेवण आहे. भूक मरते, चहानं लोहही कमी शोषलं जातं.

अंगणवाडीतून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो. तीव्र कुपोषित मुलाला जास्त कॅलरींचा. तो घरात सगळ्यांत वाटला की आठवड्यात संपतो. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे, कामासाठी दुसऱ्या गावी गेलात तरी आधारच्या अंगठ्यावर तिथल्या दुकानातून उचलता येतं. पण बाळाचं नाव कार्डावर चढवायचं पुष्कळदा राहून जातं. जन्मदाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या.